संगणकाची पेटी उघडायला हवी

सोलापूरच्या सात रस्त्यावर येऊन उभ्या राहणाऱ्या माणसापुढे वाट शोधण्याचा प्रश्न नसतो. प्रश्न असतो तो वाट निवडण्याचा. कोणी विजापूरकडे वळतो, कोणी होटगीकडे, कोणी रेल्वे स्थानकाकडे. १९५३ साली स्थापन झालेले संगमेश्वर महाविद्यालय याच परिसरात असल्याने येथे विद्यार्थ्यांची वर्दळ असते, आणि प्रवेशाची धांदल संपली की या भागातील अनेक मध्यमवर्गीय घरांत दरवर्षी एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. मुलाला वा मुलीला संगणक घ्यावयाचा, तो कोणता? वडील कचेरीत कारकून, आई शाळेत शिक्षिका, पगार ठरलेला आणि त्यातला निम्मा खर्चाच्या खात्यांवर आधीच चढलेला, अशा घरात हा निर्णय लहानसहान नसतो. बहुधा त्याचे उत्तर ठरलेले असते. दुकानात जावे, जाहिरातीत पाहिलेला लॅपटॉप हप्त्यांवर उचलावा आणि तो बिघडेल त्या दिवशी दैवाला दोष द्यावा.

दुसरीही एक वाट आहे, पण तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही. संगणकाचे भाग सुटे आणावेत, ते घरच्या टेबलावर मांडावेत आणि मुलांनी स्वतःच्या हातांनी जोडावेत. ही गोष्ट अभियंत्यांची आहे, आपल्या आवाक्यातली नाही, असा एक समज सुशिक्षितांमध्येही दृढ आहे. तो चुकीचा आहे. आणि त्या समजाची जी किंमत समाज मोजतो, ती एका लॅपटॉपच्या किमतीहून कितीतरी अधिक आहे.

मागाच्या गावाला परके नाही

संगणक हे सोलापूरला उपरे यंत्र आहे असे मानण्याचे कारण नाही. १८७७ मध्ये येथे जुनी गिरणी उभी राहिली, तेव्हापासून हे शहर यंत्रांच्या सान्निध्यात वाढले. सोलापुरी चादरीवर जी नक्षी उमटते ती जॅकार्ड मागावर. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक माळ मागावर फिरते. जेथे भोक असते तेथे उभा धागा उचलला जातो, जेथे नसते तेथे तो खालीच राहतो. कारागिराने नक्षी पुठ्ठ्यांत एकदा बांधून ठेवली, की माग ती न चुकता विणत जातो. उचल किंवा नको उचलू, एवढ्या दोनच आज्ञांतून मोर उमटतो, वेलबुट्टी उमटते.

फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड याने ही रचना १८०४ च्या सुमारास सिद्ध केली. इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज याने तीस-चाळीस वर्षांनंतर आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हेच पुठ्ठे घेतले. सुमारे चोवीस हजार पुठ्ठ्यांच्या साह्याने रेशमात विणलेले जॅकार्डचे एक चित्र त्याच्या संग्रही होते. १८९० च्या अमेरिकेतील जनगणनेत हर्मन हॉलरिथ याच्या यंत्रांनी भोके पाडलेल्या पत्त्यांवरूनच मोजदाद केली. आजच्या संगणकातील शून्य आणि एक यांचे गणित हे त्या भोकाचेच सूक्ष्म रूप आहे. तेव्हा चादरीच्या कारखान्यात जो मुलगा लहानपणी खेळला, त्याने संगणकाचा पूर्वज प्रत्यक्ष पाहिला आहे; फक्त ते नाते त्याला कोणी सांगितलेले नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गिरणीतला जॉबर, फिटर, यंत्रमागाचा सुटा भाग बदलणारा कारागीर यांच्यापैकी कितीकांनी यंत्रशास्त्राची पदवी घेतली होती? माग बंद पडला की तो उघडायचा, कोठे अडले ते पाहायचे, भाग बदलायचा आणि पुन्हा चालू करायचा, हे ज्ञान त्यांच्या हातांत होते. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्याबरोबर केवळ नोकऱ्या गेल्या नाहीत. यंत्राला न भिणारा हातही दुर्मिळ होत गेला. आज त्याच कामगारांची नातवंडे पुण्याला संगणकाच्या नोकऱ्या शोधीत जातात; पण ज्या यंत्रावर आयुष्य काढावयाचे त्याच्या पेटीचा एक स्क्रू त्यांच्यापैकी अनेकांनी कधी फिरविलेला नसतो.

पेटीत काय असते

या पेटीत गूढ असे फारसे काही नाही. योगायोग असा की सात रस्त्याप्रमाणे तिचेही प्रमुख भाग सातच सांगता येतात. गणना करणारा प्रोसेसर. सर्व भागांना जोडणारा मदरबोर्ड. काम चालू असताना लागणारी तात्पुरती स्मृती, म्हणजे रॅम. कायमचा साठा ठेवणारी एसएसडी. भिंतीतल्या विजेचे यंत्राला सोसेल अशा विजेत रूपांतर करणारा एसएमपीएस. हे सारे सामावून घेणारी कॅबिनेट. आणि डोळ्यांपुढचा पडदा. कळफलक आणि माऊस घरात बहुधा आधीचेच असतात.

हे भाग एकमेकांशी जुळले पाहिजेत, आणि खरा अभ्यास आहे तो येथे. प्रत्येक प्रोसेसरला त्याच्या ठरावीक बैठकीचाच मदरबोर्ड लागतो. डीडीआर-४ जातीची रॅम डीडीआर-५ च्या खाचेत बसत नाही. दोहोंची खाच मुद्दामच निराळ्या जागी ठेवलेली असते. प्रोसेसरमध्येच चित्रदर्शनाची सोय असेल तर वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा खर्च वाचतो. पत्रे टंकणे, हिशेब ठेवणे, प्रोग्रॅमिंग शिकणे यांसाठी त्या कार्डाची गरजच नसते. काटकसर कोठे करावी यापेक्षा कोठे करू नये हे कळणे महत्त्वाचे. कॅबिनेटच्या रंगीबेरंगी दिव्यांवर खर्च करून एसएमपीएस स्वस्तातला घेणारा ग्राहक पायाचे दगड विकून कळस चढवितो. जेथे वीज अधूनमधून जाते आणि दाबही कमीअधिक होतो, तेथे चांगला एसएमपीएस आणि त्याच्या जोडीला एक साधा यूपीएस हीच यंत्राच्या आयुष्याची खरी हमी. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. म्हणून कॅबिनेटमध्ये हवा एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडेल अशी पंख्यांची मांडणी हवी आणि धूळ अडविणारी जाळी दर महिन्याला झाडावयास हवी.

प्रत्यक्ष जोडणी हे सावकाश केल्यास एका दुपारचे काम आहे. प्रथम हात एखाद्या धातूच्या वस्तूला लावून अंगातील स्थिर वीज जाऊ द्यावी. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर एक बारीक त्रिकोण असतो, तो बैठकीवरील त्रिकोणाशी जुळवून प्रोसेसर अलगद ठेवावा. तेथे जोर लावणे हा एकच अक्षम्य अपराध. त्यावर वाटाण्याएवढा उष्णतावाहक लेप, आणि वर पंखा. रॅम मात्र दोन्ही टोकांना खट्‌ असा आवाज येईपर्यंत दाबावी लागते. मदरबोर्ड थेट पत्र्यावर टेकू नये म्हणून कॅबिनेटमध्ये पितळी आधार असतात. ते विसरले तर शॉर्ट सर्किट व्हायचे. मग एसएमपीएसची चोवीस पिनांची मोठी जोडणी मदरबोर्डाला आणि आणखी एक लहान जोडणी प्रोसेसरला द्यावयाची. ही दुसरी जोडणी नवखा हमखास विसरतो, बटण दाबतो, पंखे फिरतात, पडदा काळाच राहतो, आणि घरातली मंडळी 'तरी सांगत होतो' अशा नजरेने पाहू लागतात. त्या अर्ध्या तासातच खरे शिक्षण होते. वायर तपासा, रॅम काढून पुन्हा बसवा, एकच पट्टी ठेवून पाहा. दोष कोठे आहे हे एकेक शक्यता वगळीत शोधून काढण्याची शास्त्रीय पद्धत पाठ्यपुस्तकातील कोणत्याही धड्यापेक्षा तेथे पक्की मनात ठसते. पथ्य एकच सांगितले पाहिजे. एसएमपीएसची स्वतःची पेटी कदापि उघडू नये. प्लग काढल्यानंतरही तिच्या आत वीज साठून राहते.

भाग परके, मग स्वावलंबन कोठले?

या विचारावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप असा की, चिप तैवानची, रॅम कोरियाची, मदरबोर्ड चीनचा. चार स्क्रू आपण फिरविले म्हणून त्याला स्वावलंबन म्हणावयाचे काय? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण आपल्याच देशाचा इतिहास त्याचे उत्तर देतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारताचा पहिला स्वदेशी बनावटीचा मोठा संगणक तयार झाला. त्याचे प्रायोगिक रूप १९५६ मध्ये चालू झाले, पूर्ण यंत्र १९६० मध्ये कामाला लागले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची होती आणि एकेक शब्द चाळीस अंकांचा. आज साध्या घरगुती संगणकात आठ जीबी रॅम असते, ती टिफ्रॅकच्या आठ लाखपटीहून जास्त भरते. त्या यंत्राने जगाला मागे टाकले नाही. काही वर्षांतच ते कालबाह्यही झाले. पण ते बांधणाऱ्या हातांमुळे या देशात संगणकविद्येची पहिली पिढी उभी राहिली.

दुसरे उदाहरण पुण्याचे. भारताला हव्या त्या क्षमतेचा क्रे महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिला, तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था पुण्यात स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सिद्ध झाला. त्यातील ट्रान्सप्युटर नावाच्या चिप ब्रिटिश कंपनीच्या होत्या, बाजारात मिळणाऱ्या होत्या. त्या शेकड्याने एकत्र जोडून त्यांच्याकडून एकाच वेळी काम कसे करून घ्यावयाचे, ही बुद्धी मात्र येथली होती. भाग परका असला तरी जुळवणीचे ज्ञान आपले असू शकते. त्या ज्ञानापासूनच पुढची पायरी चढता येते. तेवढेही ज्ञान नसलेल्या समाजाला उद्या कोणी चिपचा कारखाना आयता बांधून दिला, तरी तो चालविणार कोण?

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. लॅपटॉप उचलून नेता येतो, हा डोलारा नेता येत नाही. हे खरे आहे, आणि वसतिगृहात राहणाऱ्या किंवा सतत प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्याला लॅपटॉपच योग्य. परंतु जे यंत्र पाच वर्षे एकाच टेबलावर राहणार आहे, ज्यावर धाकट्या बहिणीला पुढे अभ्यास करावयाचा आहे, ते उचलून नेण्याजोगे असावे म्हणून जास्त पैसे मोजणे हा शहाणपणा नव्हे.

तिसरा आक्षेप किमतीचा. सुटे भाग घेतले की यंत्र नेहमी स्वस्तच पडते, असे सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड गणनकेंद्रांनी मेमरी चिपची मागणी एवढी वाढविली की सामान्य ग्राहकाच्या रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. त्याच वर्षी डिसेंबरात मायक्रॉन या बड्या कंपनीने क्रूशियल या नावाने ग्राहकांना भाग विकण्याचा आपला व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. किंमत ही सुट्या भागांची बाजू लढविणारी भक्कम साक्षीदार नव्हे. तिचा भक्कम साक्षीदार आहे काळ. आज आठ जीबी रॅम घ्यावी, दोन वर्षांनी आणखी आठ घालावी. एसएसडी भरली तर दुसरी लावावी. एक भाग गेला तर तेवढाच बदलावा. एएमडीने २०१६ मध्ये आणलेल्या एएम-४ बैठकीसाठी पुढे अनेक वर्षे नवे प्रोसेसर निघत राहिले, त्यामुळे जुना मदरबोर्ड न टाकता नवा प्रोसेसर बसविणे शक्य झाले. ठरलेल्या पगारात घर चालविणाऱ्याला ही हप्त्याहप्त्याने वाढणारी वस्तू किती सोयीची, हे त्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

उघडे यंत्र आणि बंद यंत्र

मात्र हा प्रश्न केवळ घरखर्चाचा नाही. संगणक घरी जोडता येतो, हा निसर्गनियम नाही. तो इतिहासातील एका सुदैवी घटनेचा परिणाम आहे. १९७५ च्या जानेवारीत अमेरिकेतील एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकाने अल्टेअर ८८०० हा सुट्या भागांचा संगणक मुखपृष्ठावर छापला आणि हौशी तरुणांनी तो घरोघर जोडला. १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक इतर कंपन्यांच्या भागांतून बांधला आणि त्याची तांत्रिक माहिती प्रसिद्ध केली. त्यामुळे त्याच्याशी जुळणारी यंत्रे इतरांना बनविता आली. १९९५ मध्ये मदरबोर्डाचे आकारमान आणि स्क्रूंच्या जागा ठरविणारे एटीएक्स हे प्रमाण आले. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घेतलेली कॅबिनेट आणि दुसऱ्याच देशातून आलेला मदरबोर्ड सोलापुरात एकमेकांना बिनतक्रार भेटतात.

हे खुलेपण आज आक्रसत आहे. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डालाच डाख दिलेली असते. ती वाढविता येत नाही, बदलता येत नाही. मोबाईलची बॅटरी डिंकाने चिकटविलेली असते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी, परंतु उत्तम चालणारी असंख्य यंत्रे एका दिवसात जुनी ठरली. ज्याने पेटी कधी उघडलेली नाही, तो असे यंत्र भंगारात देतो. ज्याने उघडली आहे, तो त्यात एक एसएसडी घालतो, लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली चढवितो, तिच्यावर युनिकोड मराठीत लिहितो आणि तेच यंत्र आणखी काही वर्षे वापरतो. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले, युरोपीय संघाने २०२४ मध्ये त्यासाठी निर्देश काढला. हे स्वागतार्हच आहे. पण दुरुस्तीचा हक्क कागदावर मिळून उपयोग नाही. दुरुस्ती करू जाणणारे हात समाजात नसतील, तर तो हक्क निरक्षराच्या हातातील ग्रंथाप्रमाणे होईल.

शाळेच्या कुलूपबंद खोलीत

या हातांची जडणघडण शाळेतच होऊ शकते. २०२४-२५ च्या युडायस प्लस अहवालाप्रमाणे देशातील सुमारे ६५ टक्के शाळांत संगणक आहेत. आकडा समाधानकारक वाटतो. पण संगणक असणे आणि तो विद्यार्थ्यांच्या हाताला लागणे यांत अंतर आहे, हे शिक्षकांना ठाऊक आहे. मदरबोर्डावरील नाण्याएवढी एक बॅटरी संपली, किंवा रॅमच्या पट्टीवर धूळ बसली, एवढ्यावरून यंत्र बंद पडते. मग अर्ज, पत्रव्यवहार, निविदा. तोपर्यंत खोलीला कुलूप. नाण्याएवढी ती बॅटरी कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळते; ती बदलण्याचे धाडस मात्र कोणी करीत नाही, कारण सरकारी मालमत्तेला हात लावला तर जाब कोण देणार, ही भीती मोठी असते.

महाराष्ट्रात एमएस-सीआयटीने लक्षावधी लोकांना संगणकापुढे बसविले, आणि शासकीय नोकरीसाठी ती अर्हता आवश्यक ठरल्याने कारकून व शिक्षक या वर्गाचा संगणकाशी परिचय झाला, हे तिचे श्रेय आहे. पण तो परिचय पडद्याच्या अलीकडचा होता. पडद्याच्या पलीकडे काय चालते, हे जाणून घेण्याची पाळी आता आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दप्तरमुक्त दिवसांची तरतूद असून, त्या दिवसांत त्यांनी स्थानिक कारागिरांकडून काही शिकावे अशी अपेक्षा आहे. त्यांपैकी एकच दिवस एका जुन्या, निर्लेखित संगणकाला द्यावा. मुलांनी तो उघडावा, भाग ओळखावेत, झाडून पुसून पुन्हा जोडावेत. चालला तर उत्तम. न चालला तर का चालला नाही ते शोधावे. त्यासाठी नव्या निधीची गरज नाही. गरज आहे ती एका परिपत्रकाची, आणि यंत्र बिघडल्यास शिक्षकाला जबाबदार धरले जाणार नाही अशा एका वाक्याची.

सोलापूरला यासाठी बाहेर पाहण्याचे कारण नाही. येथे १९८३ पासून वालचंद तंत्रशिक्षण संस्था आहे, २००४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्यासारख्या कल्पक कामामुळे. महागड्या प्रयोगशाळेची वाट पाहत न बसता जिल्ह्यातील एका लहान शाळेने काय करून दाखविले, हे येथे सर्वांनी पाहिले आहे. महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक रविवार एखाद्या शाळेतील बंद पडलेल्या यंत्रांना दिला, तर कुलपे आपोआप उघडतील.

ज्या घरात मुलाने किंवा मुलीने स्वतः संगणक जोडला, त्या घरात पुढे पंखा बिघडला तरी कोणी लगेच खिशाला हात घालीत नाही. आधी बिघाड कशात आहे ते पाहिले जाते. वस्तू विकत घेणारा आणि वस्तू समजून घेणारा यांच्यातला फरक तो हाच. एकेकाळी या शहरात माग अडला की तो चालविणाराच त्याच्यापुढे वाकून बसत असे. त्या माणसाला यंत्राचे भय नव्हते, आणि म्हणूनच यंत्र त्याचे होते. आज टेबलावरच्या पेटीपुढे तसे बसण्यासाठी लागते ते एक स्क्रू-ड्रायव्हर, एक मोकळी दुपार आणि 'बिघडेल' या भयावर थोडासा विजय. पहिल्या दोन गोष्टी प्रत्येक घरात आहेत. तिसरी मुलांना मिळवून देणे हे पालकांचे आणि शिक्षकांचे काम आहे.